१३,८६१ आणि ७४१ : बीडला हव्या असलेल्या एका डॉक्टरचं गणित

बीड जिल्ह्यातून दर दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. २०१९ साली या जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची सरकारी पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होतं. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये ते जवळजवळ १७ टक्के निघालं.

आता दुसरा आकडा. राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाचा अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. देशभरातल्या २८ नोंदणी केंद्रांची आकडेवारी त्यात आहे. उस्मानाबाद आणि बीड या दोन जिल्ह्यांचं मिळून एक केंद्र आहे, आणि वयाचा हिशेब जुळवून काढलेल्या दरात ते सगळ्यांत खाली आहे. दर लाख स्त्रियांमागे वर्षाला ४९.४ नवे कॅन्सर, पुरुषांमध्ये ३९.५. अरुणाचलातल्या पापुमपारे जिल्ह्यात स्त्रियांचा हाच दर २१९.८ आहे, म्हणजे बीडच्या सव्वाचार पटींहून जास्त.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की बुद्धी थांबते. कॅन्सरची नोंद देशात सगळ्यांत कमी असलेल्या केंद्रातला हा जिल्हा, आणि याच जिल्ह्यात बायकांनी चौकशीला आलेल्यांना वारंवार सांगितलं, की "पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल असं डॉक्टर म्हणाले." अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, पाळी जास्त जातेय, अशी तक्रार घेऊन गेलेली तिशीतली बाई पिशवी गमावून परत येत होती.

तिसरा आकडा कुठल्याही अहवालात छापलेला नाही. तो काढावा लागतो, आणि तो काढायचा सगळा कच्चा माल बीडच्या शेजारच्याच जिल्ह्यात तयार आहे.

शेजारच्या गावांनी जगाला दिलेलं उत्तर

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. डॉ. भालचंद्र नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये टाटा मेमोरियल सेंटरच्या साथीनं इथे ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं त्यात आली. खेड्यातला रुग्ण आपण होऊन दवाखान्यात येत नाही, म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव जात, बायकांना बसवून लक्षणं सांगत, कुणाला पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव होतोय का ते विचारत. कुठलीही चाचणी न करता, नुसत्या या बोलण्यानं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात पोचू लागल्या.

त्या पायावर ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक अभ्यास सुरू झाला. त्याचे निष्कर्ष डॉ. आर. शंकरनारायणन, डॉ. नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मांडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडले आणि ते चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात काचपट्टीवर पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला पातळ अॅसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या भागात त्या काळी गावात मिळत होती तेवढीच सेवा. नमुने घेण्याचं आणि डोळ्यांनी तपासण्याचं काम शिकवून तयार केलेल्या परिचारिका-प्रसाविकांनी केलं.

आठ वर्षांनी हिशेब केला. चौथ्या भागात ३१,४८८ स्त्रिया होत्या, त्यांतल्या ६४ जणी या कॅन्सरनं गेल्या. विषाणू चाचणीच्या भागात ३४,१२६ स्त्रिया होत्या, तिथे मृत्यू झाले ३४. दर दहा हजारांमागे वीसच्या जागी दहा. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्याला पोचलेले कॅन्सर चौथ्या भागात ८२, तर विषाणू चाचणीच्या भागात ३९. आणि यासाठी त्या बाईनं चाचणी केली होती आयुष्यात एकदाच. दुसऱ्या दोन पद्धतींनी मृत्यूंमध्ये असा ठळक फरक पडला नाही.

चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीविना का ठेवलं, यावर पुढे देशात आणि परदेशात कडक टीका झाली. ती टीका विसरता कामा नये. एक साधी चाचणी मृत्यू निम्मे करते हे आज जगाला माहीत आहे, त्याची किंमत भूम-परांड्याकडच्या आणि आसपासच्या बायकांनी दिलेली आहे. हे ज्ञान त्यांच्या शेजारच्या जिल्ह्यात वापरलं जात नसेल, तर त्यांचं ऋण आपल्यावर तसंच राहतं.

आता तिसरा आकडा काढू. त्या अभ्यासात विषाणू चाचणी केलेल्या स्त्रियांपैकी १०.३ टक्के जणींमध्ये विषाणू सापडला. त्यांची पुढची तपासणी केल्यावर, चाचणी झालेल्या एकूण स्त्रियांपैकी सुमारे ०.९ टक्के जणींच्या गर्भाशयमुखावर खरोखर उपचार करण्याजोगे, कॅन्सरकडे जाऊ शकणारे बदल आढळले. हेच प्रमाण बीडच्या पाहणीतल्या ८२,३०९ स्त्रियांना लावलं, तर विषाणू सापडेल सुमारे ८,४७८ जणींमध्ये, आणि उपचार लागेल सुमारे ७४१ जणींना.

प्रत्यक्षात काढलेल्या पिशव्या १३,८६१. जवळजवळ १९ पट.

हा अंदाज आहे, आणि काही शस्त्रक्रिया गाठींसाठी किंवा न थांबणाऱ्या रक्तस्रावासाठी खरोखर गरजेच्या असणार. पण 'कॅन्सर होईल' या कारणाचा आवाका या दोन आकड्यांतून दिसतो. आणखी महत्त्वाचं म्हणजे त्या ७४१ जणींपैकीही बहुतेकींची पिशवी काढावी लागली नसती. असे बदल गोठवून, उष्णतेनं जाळून किंवा विजेच्या तारेच्या फाशानं तेवढाच भाग काढून संपवता येतात. काम काही मिनिटांचं असतं, पोटावर चिरा पडत नाही, आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

आठ हजार अक्षरं आणि पंधरा-वीस वर्षांची सवड

हे शक्य होतं ते या रोगाच्या स्वभावामुळे. गर्भाशयमुखाच्या जवळजवळ सगळ्या कॅन्सरच्या मुळाशी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस आहे. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८३ आणि १९८४ मध्ये त्याचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार या कॅन्सरमधून वेगळे काढले. त्याबद्दल २००८ चं नोबेल त्यांना मिळालं. माणसाच्या जनुकसंचात ३०० कोटींच्या आसपास अक्षरं असतात, या विषाणूच्या संचात जेमतेम ८,०००. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत, त्यांतले साधारण १४ धोक्याचे, आणि जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कॅन्सरना १६ आणि १८ हे दोनच जबाबदार आहेत.

एवढ्याशा विषाणूनं जगाचा जो हिशेब मांडला आहे तो असा. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार वर्षभरात ६ लाख ६० हजारांच्या आसपास स्त्रियांना हा कॅन्सर झाला आणि साडेतीन लाखांच्या आसपास दगावल्या. त्यांत भारतातल्या नव्या रुग्ण १,२७,५२६ आणि मृत्यू ७९,९०६. रोजच्या २१९ बायका. दर साडेसहा मिनिटांना एक. जगात या रोगानं जाणाऱ्या दर चार-पाच जणींमध्ये एक भारतीय आहे.

पण हा विषाणू संथ आहे. बहुतेक स्त्रियांचं शरीर त्याला वर्षा-दोन वर्षांत आपोआप हटवतं. ज्यांच्यात तो ठाण मांडतो त्यांच्यातही कॅन्सर व्हायला साधारणपणे १५ ते २० वर्षं लागतात. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका रुग्णालयात एके काळी काही स्त्रियांच्या अशा गंभीर बदलांवर पुरेसा उपचारच केला गेला नव्हता. त्यांचा नंतर मागोवा घेतला तेव्हा ३० वर्षांत त्यांतल्या सुमारे ३१ टक्के जणींना कॅन्सर झालेला दिसला. म्हणजे हे बदल हलके घेता येत नाहीत, आणि ते सापडले म्हणून रातोरात घाबरण्याचंही कारण नाही. दुसरा कुठलाही मोठा कॅन्सर डॉक्टरला इतकी लांब सवड क्वचितच देतो.

ही सवड देशानं कशी वापरली? २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं, की गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झाली आहे का. 'हो' म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. ५० जणींत एक.

चार लाखांतून दिवसाला दोन-तीन

एक पूर्ण जिल्हा हाताळायला किती डॉक्टर लागतील, हा प्रश्न ऐकला की शेकड्यांचा आकडा डोळ्यांसमोर येतो. बीडपुरता तो कागदावर सोडवून पाहू.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती, त्यांत स्त्रिया सुमारे १२ लाख ३६ हजार. ३० ते ५९ वयाच्या ढोबळमानानं चार लाख. सरकारी कार्यक्रमाच्या धोरणाप्रमाणे दर पाच वर्षांनी एक तपासणी धरली, तर वर्षाला ८०,००० स्त्रिया. कामाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला २६७. जिल्ह्यात तालुके ११. म्हणजे आष्टी असो, शिरूर कासार असो की धारूर, प्रत्येक तालुक्यात दिवसाला २४ जणी. आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिका आणि आशाताईंच्या हातून होऊ शकेल एवढं हे काम आहे. विषाणू चाचणीचा नमुना तर बाईला आडोशाला जाऊन स्वतःचा स्वतः घेता येतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ च्या मार्गदर्शनात त्या पद्धतीला मान्यता दिलेली आहे.

गाळणीचा पुढचा टप्पा. दिवसाच्या २६७ पैकी विषाणू सापडेल साधारण २७ जणींमध्ये. त्यांचं गर्भाशयमुख कोल्पोस्कोप या भिंगाच्या यंत्रातून नीट पाहायचं. एका तपासणीला १५ मिनिटं धरली तर पावणेसात तास होतात. एका डॉक्टरचा एक भरगच्च दिवस.

शेवटचा टप्पा. त्या २७ पैकी उपचार करण्याजोगे बदल असतील दोन-तीन जणींमध्ये.

चार लाख स्त्रियांचा डोंगर गाळत गाळत अखेर दिवसाला दोन-तीन बायकांच्या छोट्या उपचारावर येऊन थांबतो. पाच वर्षांच्या पहिल्या फेरीत असे उपचार होतील सुमारे ३,६००. त्यांतल्या पाचांतल्या एकीला पुढे कॅन्सर झाला असता असं सावध गृहीत धरलं, तरी ७२० कॅन्सर व्हायच्या आधीच थांबतात. हे सगळं पेलायला लागतो या एका कॅन्सरचं शिक्षण घेतलेला एक डॉक्टर, त्याच्या हाताखाली कोल्पोस्कोपी शिकलेले दोन-तीन स्त्रीरोगतज्ज्ञ, एक पॅथॉलॉजिस्ट, आणि गावोगावच्या परिचारिका.

बीडची खरी अडचण कॅलेंडरात आहे. कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्या काळात कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा पडतो आणि त्याचे पाचशे रुपयांपर्यंत कापले जातात, असं २०१९ च्या वार्तांकनातून पुढे आलं. पाळीचे दिवस म्हणजे खाडे, वरचेवर दवाखाना म्हणजे खाडे. पिशवीच काढून टाकली की कटकट संपेल, या विचाराला हा हिशेबच ढकलत होता. त्यामुळे बीडमधल्या तपासणीचं वेळापत्रक पावसाळ्याभोवतीच आखावं लागेल. माणसं गावी असतात त्या चार-पाच महिन्यांत काम दुप्पट वेगानं करायचं, आणि चाचणी, तपासणी, उपचार शक्य तितके एकाच भेटीत उरकायचे. 'पुढच्या महिन्यात या' असं सांगितलेली बाई पुढच्या महिन्यात दुसऱ्या राज्यात असू शकते.

कुठे थांबायचं हे कळणं

ज्यांचा कॅन्सर आधीच वाढलेला आहे त्यांच्यासाठी हा डॉक्टर काय करतो, हे पाहिलं की त्याच्या ज्ञानाचं मोल आणखी कळतं. सर्वसाधारण समज असा, की मोठा डॉक्टर म्हणजे मोठं ऑपरेशन करणारा. टाटा मेमोरियलमध्ये २००३ ते २०१५ या काळात ६३५ रुग्णांवर एक अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या ठरावीक टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये आधी केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया करायची, की केमोसह किरणोपचार द्यायचे, हा प्रश्न होता. पाच वर्षांनंतर शस्त्रक्रियेच्या गटात ६९.३ टक्के रुग्ण रोगमुक्त होत्या, किरणोपचारांच्या गटात ७६.७ टक्के. शस्त्रक्रिया मागे पडली.

टाटातल्याच दुसऱ्या अभ्यासात तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० स्त्रिया होत्या. नुसत्या किरणोपचारांवर पाच वर्षांनी ४६ टक्के हयात होत्या. दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे जुनं, स्वस्त औषध जोडलं तेव्हा ५४ टक्के. शंभरांत आठ जणी जास्त जगल्या.

अशा रुग्णाची पिशवी छोट्या दवाखान्यात घाईनं काढली आणि कॅन्सर मागाहून तपासणीत कळला, तर पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. बायोप्सीशिवाय चिरा न देणारा, आणि कुणाला चिरा द्यायचाच नाही हे ओळखणारा डॉक्टर जिल्ह्यात असणं म्हणजे किती जीव वाचणं, ते या टक्केवारीत दिसतं.

उपचारांच्या अंतराचा हिशेबही करून ठेवला पाहिजे. रुग्ण ज्याला 'लाईट' किंवा 'शेक' म्हणतात ते किरणोपचार साधारण पाच आठवड्यांत २५ वेळा घ्यावे लागतात, वर आतून द्यायच्या किरणांच्या तीन-चार बैठका. बीडहून छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय सुमारे १३० किलोमीटरवर आहे. कुणी रोज जाऊन-येऊन करायचं म्हटलं तर २५ फेऱ्यांचे ६,५०० किलोमीटर होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा खर्च निघतो, पण पाच आठवड्यांची बुडालेली मजुरी, सोबतच्या माणसाचं राहणं-खाणं आणि घरी ठेवलेली लेकरं यांचा खर्च कुठल्या योजनेत बसत नाही. २५ खाडे परवडत नाहीत म्हणून उपचार अर्धवट सोडले जातात, आणि अर्धवट सोडलेल्या किरणोपचारांनी रोग परत येतो.

साडेअकरा वर्षांचा रस्ता

आता या वाटेनं जाऊ पाहणाऱ्यांसाठी. बीड, अंबाजोगाई, लातूर या पट्ट्यात बारावीचं पोर नीटची तयारी करत नाही असं घर शोधावं लागतं. २०२४ साली देशात २३ लाखांहून अधिक मुलांनी ही परीक्षा दिली, आणि एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आत. ती गाळणी पार केली की साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण, मग आणखी एक प्रवेशपरीक्षा आणि तीन वर्षं स्त्रीरोग-कर्करोगशास्त्रातलं एमसीएच. एकूण साडेअकरा वर्षं. मुंबईचं टाटा मेमोरियल, बंगळूरचं किदवई, अहमदाबादची गुजरात कॅन्सर संस्था अशा मोजक्या ठिकाणी हे शिक्षण मिळतं, आणि जागाही मोजक्याच.

वाटा मात्र आणखीही आहेत. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं किरणोपचारशास्त्रातलं एमडी केलं तर साडेआठ वर्षांत माणूस या रोगाच्या मुख्य उपचाराचा तज्ज्ञ होतो. पॅथॉलॉजी आहे. आधीच स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्यांना काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या प्रशिक्षणात कोल्पोस्कोपी आणि कॅन्सरपूर्व बदलांचे उपचार शिकता येतात. जिल्ह्यातले बरेचसे उपचार याच मंडळींच्या हातून व्हायचे आहेत.

मागणी किती? देशात वर्षाला या कॅन्सरच्या १,२७,५२६ नव्या रुग्ण, शिवाय अंडाशयाच्या कॅन्सरच्या ४७ हजारांहून जास्त. एका तज्ज्ञानं वर्षाला ३०० नव्या रुग्णांची जबाबदारी पूर्णपणे घेतली, तरी नुसत्या उपचारांसाठी ५८० हून अधिक तज्ज्ञ दिवसभर याच कामात हवेत, आणि ते मुंबई-दिल्लीत न अडकता देशभर पसरलेले हवेत. तपासणीचं काम यात धरलेलंच नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सगळ्या जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं उभारण्याची घोषणा झाली, पहिल्या वर्षी २००. केंद्र म्हणजे खोल्या आणि खुर्च्या. त्यात बसणारी माणसं आजच्या विद्यार्थ्यांमधूनच यायची आहेत.

कमाईविषयी सरळ बोललं पाहिजे. मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात या तज्ज्ञाला बीडपेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळतील. शिवाय शस्त्रक्रियेवर घर चालणाऱ्या डॉक्टरला 'तुमची पिशवी चांगली आहे, घरी जा' असं सांगून काही मिळत नाही. २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं, की बीडमधल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ पिशव्या काढल्या गेल्या. त्याच सुमारास जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. ही अट चांगलीच, पण परवानगीच्या कागदावर सही करायला या विषयातला जाणकार जवळ असला तरच सहीला वजन येतं. म्हणून हा डॉक्टर पगारी हवा, आणि त्याचं काम न केलेल्या शस्त्रक्रियांवरही मोजलं जायला हवं.

लस आली, मग या डॉक्टरचं काय?

हुशार विद्यार्थी इथे एक रास्त शंका काढतो. लसीनं हा रोगच संपणार असेल, तर आयुष्याची साडेअकरा वर्षं यात का घालायची?

लसीच्या गोष्टीतही महाराष्ट्र मोठ्या जागी आहे. २००९ मध्ये भारतात दोन डोस पुरतात की तीन लागतात याचा अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शी, पुणे, मुंबई ही केंद्रं होती. दुसऱ्या एका लसीकरण प्रकल्पावरून वाद उठला आणि एप्रिल २०१० मध्ये लस देणं थांबवावं लागलं. तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती, त्यांतल्या हजारो जणींना एकच डोस. संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनं ९५.४ टक्के संरक्षण दिलं, तिन्ही डोसनी ९३.३ टक्के. म्हणजे एकाच डोसनं जवळपास तितकंच काम झालं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटानं एका डोसला मान्यता दिली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या लसीला २०२२ मध्ये परवाना मिळाला.

आता वर्षांची बेरीज करू. २०२६ मध्ये १४ व्या वर्षी लस घेतलेली मुलगी ५० वर्षांची होईल २०६२ मध्ये. आज तिशीत असलेली, लस न मिळालेली तिची आई किंवा मावशी आणखी वीस ते तीस वर्षं तपासणीच्या वयात राहील. आणि २०२६ मध्ये १८ व्या वर्षी एमबीबीएसला जाणारी विद्यार्थिनी तज्ज्ञ होऊन बाहेर पडेल २०३८ च्या सुमारास, निवृत्त होईल २०७३ च्या आसपास. तिच्या उमेदीची बहुतेक वर्षं ज्या बायकांवर जातील, त्या आजच प्रौढ झालेल्या आहेत आणि लसीच्या वयातून पुढे गेलेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०३० साठी ठरवलेलं उद्दिष्ट म्हणूनच तीन पायांवर उभं आहे: १५ वर्षांच्या आतल्या ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीत आणि पंचेचाळिशीत चाचणी, आणि रोग सापडलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार. पहिला पाय लसटोचणीचा आहे. उरलेले दोन डॉक्टर आणि परिचारिकांनीच उचलायचे आहेत.

लाखात चारांपेक्षा कमी नव्या रुग्ण झाल्या की रोग सार्वजनिक प्रश्न म्हणून संपला, अशी या संघटनेची व्याख्या आहे. धाराशिवच्या अभ्यासात ज्यांच्यात विषाणू सापडला नाही त्या स्त्रियांमध्ये पुढच्या वर्षांतला दर लाखात ३.७ होता. म्हणजे जग ज्या रेषेकडे निघालं आहे ती मराठवाड्यातल्या बायकांच्या एका मोठ्या गटानं आधीच गाठून दाखवली आहे. आपल्याला माणसं शोधायची आहेत ती उरलेल्या दहा टक्क्यांमधली.

बीडकडे यासाठी जागा आहे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं. खेड्यातल्या रुग्णांसाठी खेड्यातच डॉक्टर घडावेत, या विचारातून ते उभं राहिलं. तिथे या एका कॅन्सरसाठी पूर्णवेळ तज्ज्ञाचं पद, कोल्पोस्कोपीची कायम चालू असलेली खोली, विषाणू चाचणीची प्रयोगशाळा, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत अकराही तालुक्यांत फिरणारी परिचारिकांची तुकडी, एवढं जिल्ह्यानं हक्कानं मागावं. आमदार-खासदारांना मागणी करताना रस्त्यांच्या आणि सभागृहांच्या यादीत हे पहिल्या ओळीत लिहावं. नीटच्या क्लासमधल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांनाही सांगावं, की ज्या कामात कॅन्सरकडे जाऊ शकणारे बदल रोज दोन-तीन बायकांमध्ये वेळीच काढून टाकता येतात, त्याहून मोठी कारकीर्द वैद्यकात फार थोडी आहे. बार्शीनं ऐंशीच्या दशकात याहून कितीतरी कमी साधनांत सुरुवात केली होती, आणि भूम तालुका ओलांडला की बीड जिल्हाच लागतो.